बारा कुंड्या, आंबट ताक आणि मे महिन्यातला पाऊस

पीएचडीच्या तयारीला लागलेली मुलं मला एक प्रश्न हमखास विचारतात: "प्रयोगाची आखणी एवढी डोक्याला लावून का घ्यायची? डेटा हातात आला की पुढचं सॉफ्टवेअर बघेलच की!" पहिल्या वर्षी मलाही असंच वाटायचं. हा गैरसमज गच्चीवरच्या मिरच्यांनी दूर केला, पण त्यासाठी माझा एक अख्खा हंगाम गेला. तो कसा गेला, ते आज सांगते.

ताक लागू पडलं!

2024 सालची गोष्ट. पुण्यात भाड्याच्या घराला गच्ची होती. फेब्रुवारीत ज्वाला मिरचीचं बी टाकलं आणि मार्चअखेर बारा रोपं बारा कुंड्यांत लावली. एप्रिलच्या शेवटी फुलं आली आणि पटापट गळायला लागली.

यामागचं कारण साधं आहे. मिरचीला ऊब आवडते, पण दिवसाचा पारा 35 अंशांच्या वर गेला आणि रात्रही गार होईना, की परागकण नीट तयार होत नाहीत. फळ धरत नाही, फूल देठासकट गळून पडतं. आपल्याला दुपारचं ऊन दिसतं, पण मिरचीला गरम रात्रही तितकीच नडते.

आईला फोन केला. ती म्हणाली, "आंबट ताक पाण्यात मिसळून शिंपड. आजी परसात हेच करायची." मी सहा कुंड्यांवर ताक शिंपडलं, सहा तशाच ठेवल्या. म्हटलं, आपण संशोधक, तुलना तर हवीच. हंगाम संपला तेव्हा ताकवाल्या सहा कुंड्यांना 71 मिरच्या आणि बाकीच्या सहांना 29. दुपटीहून जास्त!

दुसऱ्या दिवशी हे मोठ्या हौसेने गाइडना सांगितलं. त्यांनी एकच प्रश्न विचारला: "त्याच सहा का?"

त्याच सहा का?

कारण त्या नळाजवळ होत्या. फवारणीचा पंप भरायला सोपं. बस, एवढंच.

पण नळ होता पाण्याच्या टाकीच्या पूर्वेला, म्हणजे दुपारनंतर तिथे टाकीची सावली. उरलेल्या सहा कुंड्या जिन्याच्या खोलीच्या पश्चिमेकडच्या भिंतीलगत. ती भिंत दुपारभर तापायची आणि रात्री उशिरापर्यंत हाताला गरम लागायची. शिवाय नळाजवळच्या कुंड्यांना माझ्या हातून पाणीही जरा सढळ पडत असणार.

मग 71 विरुद्ध 29 हा फरक ताकाचा, सावलीचा, भिंतीचा की पाण्याचा? सांगताच येत नाही. सगळी कारणं एकमेकांत अडकलेली. याला कन्फाउंडिंग म्हणतात. आणि कुठलंही सॉफ्टवेअर हा गुंता नंतर सोडवून देत नाही, कारण तो आकड्यांत नसतो, कुंड्या मांडण्यात असतो.

खरा धक्का पुढे होता. खोलीवर येऊन मी माझ्या पीएचडीच्या प्रयोगाची वही उघडली. शेडनेटखाली एक वाफा, नेटबाहेर एक वाफा, प्रत्येकात चाळीस झाडं. मी ऐटीत लिहिलं होतं, 'पुनरावृत्ती: 40'. पण नेट एकच होतं! त्या वाफ्यातली माती वेगळी असेल, पाणी तुंबत असेल, तर चाळीसच्या चाळीस झाडांना ते सारखंच भोगावं लागणार. म्हणजे खरी पुनरावृत्ती एकच. स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी 1984 मध्ये या चुकीला 'स्यूडोरेप्लिकेशन' असं नाव दिलं. मी ते परीक्षेसाठी पाठ केलं होतं आणि शेतात नेमकं तेच केलं होतं. तो हंगाम बाद झाला. फेलोशिपचे महिने मात्र कोणी परत देत नाही.

नाणेफेक

इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेड कृषी संशोधन केंद्रात 1919 पासून काम करणाऱ्या रोनाल्ड फिशर यांच्यापुढे हीच अडचण होती. शेताचा एक कोपरा सुपीक, दुसरा पाणथळ, वर हवामान लहरी. हे सगळं एकसारखं करणं कुणाच्याच हातात नाही. 1935 च्या 'द डिझाइन ऑफ एक्सपेरिमेंट्स' या पुस्तकात त्यांनी मांडलेल्या विचाराचा गाभा असा: जे फरक माहीत आहेत त्यांचे गट पाडा, आणि गटाच्या आत कोणाला काय मिळणार हे स्वतः ठरवू नका, ते नशिबावर सोपवा.

2025 मध्ये मी तसंच केलं. बारा कुंड्यांच्या सहा जोड्या लावल्या. दोन जोड्या भिंतीलगत, दोन टाकीच्या सावलीत, दोन उघड्यावर. प्रत्येक जोडीसाठी रुपयाचं नाणं उडवलं. छापा आला तर डावीकडच्या कुंडीला ताक, काटा आला तर उजवीकडच्या. दुसऱ्या कुंडीला त्याच दिवशी तेवढंच साधं पाणी फवारायचं, म्हणजे पान ओलं होण्याचा फायदा दोघींना सारखा. मिरच्या मोजायच्या शेजारच्या काकूंनी, आणि कुठल्या कुंडीला काय मिळतंय हे त्यांना सांगायचं नाही. वहीत आधीच लिहून ठेवलं: झाड मेलं तरी जोडी वगळायची नाही, तोवर तोडलेल्या मिरच्या धरायच्या.

आणि मग पाऊस

त्या वर्षीचा मे आठवतो ना? आधी अवकाळी सरी, मग 24 मे रोजी मान्सून केरळात आणि 26 मे रोजी मुंबई-पुण्यात. ऐन उन्हाळ्यात पावसाळा! फवारलेलं ताक धुऊन जायचं. कुंड्यांत पाणी साचलं. मी घाईघाईने कुंड्यांखाली विटा सरकवल्या, तळाची भोकं काडीने मोकळी केली, रोपांना काठ्या बांधल्या. तरी भिंतीलगतचं एक झाड मूळकूज होऊन गेलं, आणि तेही ताकवालं.

मला वाटलं, गेला हाही प्रयोग. पण शांतपणे पाहिल्यावर कळलं की पाऊस ताकवाल्या कुंडीवर पडला तसाच तिच्या जोडीदारावरही पडला. पीक कमी झालं, पण तुलना शाबूत राहिली. हवामान आपल्या हातात नसतं. त्याचा फटका दोन्ही बाजूंना कसा वाटला जाईल, एवढं मात्र आधी ठरवता येतं.

निकाल असा: सहापैकी चार जोड्यांत ताकवाली कुंडी पुढे, दोन जोड्यांत मागे. त्या दोनांत मेलेलं झाड एक. ती जोडी गुपचूप वगळली असती, तर 'पाचपैकी चार' असं छान दिसलं असतं. म्हणूनच नियम आधी लिहायचा.

आता हिशोब. ताकाचा काहीच परिणाम नाही असं धरलं, तर प्रत्येक जोडी म्हणजे पुन्हा एक नाणेफेक. सहा नाण्यांचे 64 प्रकार. त्यांत चार किंवा जास्त छापे येण्याचे 15 + 6 + 1 = 22. म्हणजे नुसत्या योगायोगानेही असा निकाल जवळपास 34 टक्के वेळा येईल. सहाच्या सहा जोड्या जिंकल्या असत्या, तर 64 पैकी एकच प्रकार, म्हणजे दीड टक्क्याच्या आसपास. मग मी आईला लगेच फोन केला असता.

याचा अर्थ ताक निरुपयोगी आहे असा नाही. सहा जोड्यांच्या आणि पावसाने भिजलेल्या मे महिन्याच्या या प्रयोगातून ताकाबद्दल काही ठाम सांगता येत नाही, एवढाच. कोरड्या, कडक उन्हात उत्तर वेगळं येऊ शकतं.

दुसरा एक आकडा जास्त ठसठशीत होता. भिंतीलगतच्या चार कुंड्यांना मिळून 22 मिरच्या, टाकीच्या सावलीतल्या चारांना 58. तरीही 'हे भिंतीच्या उष्णतेमुळेच' असं मी लिहिणार नाही, कारण जागा मी नाणं उडवून वाटल्या नव्हत्या. घरच्या बागेसाठी मात्र मी कुंड्या भिंतीपासून हलवल्यात!

तुमच्यासाठी

प्रयोग सुरू करण्याआधी वहीत चार उत्तरं लिहा:

1. हीच झाडं, हेच वाफे, हीच माणसं का? उत्तर 'सोयीचं होतं' असेल तर थांबा.
2. उपचार वेगवेगळा, स्वतंत्रपणे कितींना दिला? तीच खरी पुनरावृत्ती.
3. काय मोजणार, आणि मोजणाऱ्याला उपचार माहीत आहे का? 'झाड टवटवीत दिसतंय' हे मोजमाप नव्हे.
4. पाऊस आला, झाड मेलं, वीज गेली, तर काय करणार?

चौथं उत्तर बहुतेक जण संकट आल्यावर लिहितात. तोवर आपल्याला कुठला निकाल आवडेल हे ठरून गेलेलं असतं.

आईला मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग पुढच्या वर्षी बारा जोड्या लाव." गाइडही हेच म्हणाले असते.