पेट्रोलवरील फिरते जनित्र : वापर, निगा व दक्षता

दोन माणसांनी उचलून बैलगाडीत किंवा टेम्पोत ठेवता येईल असे पेट्रोलवर चालणारे लहान जनित्र आता खेड्यापाड्यांतून दिसू लागले आहे. लग्नाचा मांडव, यात्रेतील दुकान, दूध संकलन केंद्र, कोंबड्यांचे खुराडे, मळ्यातील पाण्याची मोटर अशा नाना ठिकाणी त्याचा उपयोग होतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, त्यानंतर रायगड व रत्नागिरी जिल्ह्यांतील अनेक गावे कित्येक दिवस विजेवाचून राहिली. अशा वेळी पाण्याचा पंप चालविणे, निदान गावातील दूरध्वनी भारित करून घेणे, एवढे काम या लहानशा यंत्राने होते. यंत्र उपयुक्त आहे याविषयी दुमत नाही. परंतु विषारी वायू, वीज आणि आग असे तीन धोके त्यात एकत्र आलेले असतात. आग डोळ्यांना दिसते, विजेचे भय सर्वांनाच असते. वायूकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही. म्हणून त्याचा विचार आधी करू.

पेट्रोल जळताना निघणाऱ्या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही, त्याने डोळेही चुरचुरत नाहीत. श्वासावाटे तो रक्तात गेला म्हणजे, प्राणवायू वाहून नेणाऱ्या रक्तातील द्रव्याला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्टपणे चिकटतो. त्यामुळे श्वास चालू असूनही शरीराला प्राणवायू मिळत नाही. प्रथम डोके दुखते, चक्कर येते, मळमळते, हातापायांतील शक्ती जाते. उन्हाने किंवा पित्ताने असे होत असेल अशी समजूत होऊन माणूस तेथेच टेकतो, आणि पुन्हा उठत नाही. खोलीची खिडकी उघडी ठेवली किंवा दार किलकिले ठेवले म्हणजे भागते, ही समजूत चुकीची आहे. जनित्र घरात, पडवीत, गोठ्यात, बंद शेडमध्ये अथवा दुकानाच्या मागील बोळात कधीही चालवू नये. ते घरापासून व खुराड्यापासून निदान २० फूट दूर, मोकळ्यावर, धुराचे तोंड वस्तीच्या उलट दिशेस करून ठेवावे. पक्ष्यांना हा वायू माणसापेक्षा लवकर बाधतो, हे कुक्कुटपालकांनी विशेषेकरून ध्यानात घ्यावे.

आपल्या भागात या वायूचा सर्वांत घातक सापळा म्हणजे विहीर. एप्रिल-मे महिन्यांत पाणी तळाला जाते. गाळ काढणे, विहीर खोल करणे ही कामे त्याच दिवसांत निघतात आणि त्यासाठी आधी साचलेले पाणी उपसावे लागते. आता खेचणाऱ्या पंपाची एक मर्यादा असते. हवेच्या दाबाने पाणी नळीत फार तर १० मीटर चढू शकते आणि प्रत्यक्षात ६ ते ७ मीटरपेक्षा, म्हणजे २० ते २२ फुटांपेक्षा अधिक खोलीवरून पंप पाणी खेचत नाही. पाणी त्याहून खाली गेले की पंप पाण्याच्या जवळ नेण्याखेरीज उपाय उरत नाही. मग इंजिन दोराने विहिरीत उतरवून एखाद्या कट्ट्यावर बसविले जाते. विहिरीच्या आत वारा नाही, धुराला बाहेर जाण्यास वाट नाही. थोड्याच वेळात खालची सारी हवा विषारी होते. इंजिन बंद केल्यानंतरही ती तशीच राहते, आणि इंजिन थांबले आहे म्हणून निर्धास्तपणे उतरलेला मजूर तेथेच कोसळतो. त्याला काढण्यासाठी भाऊ उतरतो, त्याच्यामागे शेजारी उतरतो. एका विहिरीत एकामागून एक तीन-चार जणांचा बळी जाण्याच्या घटना घडतात, त्या अशाच.

यावर आपल्याकडे एक जुनी कसोटी आहे : पेटता कंदील दोरीने विहिरीत सोडावयाचा, तो विझला नाही तर उतरण्यास हरकत नाही असे मानावयाचे. प्राणवायू फार कमी झाला असेल तर कंदील विझतो हे खरे. परंतु कार्बन मोनॉक्साइडच्या बाबतीत ही कसोटी निरुपयोगी आहे. माणसाला मारण्यास पुरेल इतका हा वायू हवेत असला तरी कंदील तेजाने जळतच राहतो. शिवाय जेथे पेट्रोल सांडले आहे तेथे पेटती ज्योत नेणे हा दुसराच अनर्थ. गावपातळीवर काम करणाऱ्यांनी ही गोष्ट लोकांना पुन्हा पुन्हा समजावून द्यावी, कारण कंदिलावरील विश्वास फार जुना आहे आणि तो एका बैठकीत जाणार नाही.

वास्तविक जनित्राने हा प्रश्न सोडविला आहे. इंजिन आत नेण्याची गरजच उरलेली नाही. जनित्र वर ठेवावे आणि पाण्यात बुडून चालणारी लहान मोटर, म्हणजे सबमर्सिबल पंप, विहिरीत सोडावा. हा पंप पाणी खेचत नाही, खालून वर ढकलतो. त्यामुळे २२ फुटांची अडचण त्याला नाही. मात्र जनित्र अगदी काठावर ठेवू नये. वाऱ्याने धूर विहिरीवर येईल आणि थंड होऊन आत उतरेल. काठापासून २० फुटांहून अधिक अंतरावर, वारा विहिरीकडून जनित्राकडे वाहत असेल अशा बाजूस ते ठेवावे आणि तेवढ्या लांबीची जाड केबल घ्यावी. पंप पाण्यात चालू असताना कोणीही पाण्यात उतरू नये. केबलला चीर गेलेली असल्यास पाण्यातच वीज उतरते. पंप थांबवून, जनित्र बंद करून मगच माणूस खाली जावा, आणि जाणाऱ्या प्रत्येकाच्या कमरेस व खांद्यांस दोर बांधलेला असावा. वर निदान दोन धट्टेकट्टे गडी सतत लक्ष ठेवून असावेत. खालचा माणूस बोलेनासा झाला तर त्यांनी दोराने त्याला वर ओढावे, स्वतः उतरू नये. दोर नसेल तर ११२ क्रमांकावर मदत मागवावी. बाधा झालेल्यास मोकळ्या हवेत आडवे करून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी; त्याला दवाखान्यात प्राणवायू देणे हाच खरा उपचार आहे. विहिरीत नुकतेच सुरुंग उडविले असतील तर तेथेही हाच वायू असतो, मग वर जनित्र असो वा नसो.

आता विजेविषयी. काही घरांतून असे दिसते की, दोन्ही टोकांना पिना असलेली वायर करून तिचे एक टोक जनित्रात व दुसरे घरातील सॉकेटमध्ये घालतात, म्हणजे सबंध घर उजळते. हा प्रकार कितीही सोयीचा वाटला तरी तो ताबडतोब बंद झाला पाहिजे. घरातील वीज मीटरमधून उलट बाहेर जाते, गावच्या रोहित्रापर्यंत पोहोचते, आणि जे रोहित्र एरव्ही ११ हजार व्होल्टची वीज उतरवून घरात देते, तेच आता २३० व्होल्टची वीज चढवून मोठ्या तारेत सोडते. लाईन बंद आहे अशा समजुतीने खांबावर चढलेला वायरमन तेथे असतो. वादळानंतर तर हमखास असतो, कारण तो आपलीच वीज जोडण्यासाठी चढलेला असतो. घरास जनित्र जोडावयाचे असेल तर अधिकृत विद्युत ठेकेदाराकडून चेंज ओव्हर स्विच बसवून घ्यावा, म्हणजे एका वेळी लाईन किंवा जनित्र यांपैकी एकच जोडले जाते. ते शक्य नसेल तर दिवा, पंखा किंवा मोटर थेट जनित्राच्या सॉकेटला जोडावी.

जनित्र विकत घेताना किंवा भाड्याने आणताना मोटरीच्या अश्वशक्तीचा हिशेब नीट करावा. एक अश्वशक्तीची मोटर चालू असताना सुमारे एक किलोवॅट वीज घेते. पण सुरू होण्याच्या क्षणी तिला त्याच्या कित्येक पट प्रवाह लागतो. म्हणून एक किलोवॅटच्या जनित्रावर एक अश्वशक्तीची मोटर सुरू होत नाही. ती नुसती घुमते, तापते आणि दोहोंचे वेटोळे जळते. साधारणपणे मोटर चालताना जेवढी वीज घेते त्याच्या तिप्पट क्षमतेचे जनित्र असावे. मोटर जोर करीत नाही म्हणून काही मिस्त्री इंजिनाचा वेग वाढवून देतात. तसे करू देऊ नये. या प्रकारची बहुतेक जनित्रे मिनिटाला ३,००० फेऱ्यांवर ५० सायकलची वीज देतात. वेग बदलला की व्होल्टेज बिघडते आणि दिवे व दूरध्वनीचे भारक जळतात.

सुरू करण्यापूर्वी जनित्र सपाट, कोरड्या जागी ठेवून ऑईल पाहावे. जमीन उतरती असल्यास ऑईल कमी आहे असे समजून इंजिन आपोआप बंद पडते, आणि मग लोक दोर ओढून ओढून दमतात. भार न जोडता इंजिन सुरू करावे, दोन-तीन मिनिटांनी भार जोडावा. बंद करताना उलट क्रम ठेवावा. पावसात जनित्राला ताडपत्री गुंडाळू नये. वर छप्पर व चारी बाजू मोकळ्या असा छोटा मांडव घालावा. ओल्या हातांनी स्विचला स्पर्श करू नये, हे वेगळे सांगावयास नको.

पेट्रोल भरण्याच्या वेळी बहुतेक आगी लागतात असे म्हटले तरी चालेल, कारण मध्येच बंद पडलेले जनित्र लवकर सुरू करण्याची घाई असते. सायलेन्सर लालभडक तापलेला असतो, आणि पेट्रोलची वाफ कोणत्याही ऋतूत उठते. ती हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते. इंजिन बंद करून निदान पंधरा मिनिटे निवू द्यावे, बिडी-काडी लांब ठेवावी, टाकी काठोकाठ भरू नये. पेट्रोल घट्ट झाकणाच्या धातूच्या डब्यात, चुलीपासून व झोपण्याच्या जागेपासून दूर ठेवावे. १९३४ च्या पेट्रोलियम अधिनियमाप्रमाणे विक्रीसाठी नसलेले ३० लिटरपर्यंतचे पेट्रोल परवान्याशिवाय ठेवता येते. त्याहून अधिक साठा करणे हा गुन्हा ठरतो.

निगेच्या बाबतीत पुस्तिकेत दिलेले वेळापत्रक पाळावे. सामान्यतः नव्या इंजिनाचे ऑईल पहिल्या २० तासांनी व पुढे दर ५० ते १०० तासांनी बदलतात. त्यासाठी एक लहान वही जनित्राजवळच ठेवून चालविलेले तास लिहीत जावे. आठवणीवर विसंबल्यास ऑईल कधीच बदलले जात नाही. आपल्याकडील उन्हाळी धुळीत हवेच्या गाळणीकडे अधिक लक्ष लागते. स्पंजाची गाळणी साबणाच्या पाण्यात धुवावी, पूर्ण वाळवावी, ऑईलमध्ये बुडवून पिळावी आणि मग बसवावी. ती पेट्रोलने धुण्याची सवय सोडावी. स्पार्क प्लगवर काजळी आली असेल तर ती तारेच्या ब्रशने काढून फट साधारण ०.७ ते ०.८ मिलिमीटर ठेवावी. पेट्रोलवर सुरू करून रॉकेलवर चालविण्याची जुनी जनित्रे अजून काही ठिकाणी आहेत. तो प्रकार पाहून नव्या पेट्रोल इंजिनात रॉकेल मिसळू नये. धूर वाढतो, काजळी धरते आणि ऑईल पातळ होऊन इंजिन झिजते.

आता मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये साधारण २० टक्के इथेनॉल असते. त्यातील काही आपल्याच उसापासून होते, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु इथेनॉल हवेतील ओल शोषून घेते. असे पेट्रोल टाकीत महिनोन्‌महिने राहिले की, विशेषतः पावसाळ्यात, पाणी खाली बसते, कार्बोरेटरची बारीक भोके तुंबतात आणि ऐन गरजेच्या वेळी इंजिन सुरू होत नाही. आपले इंजिन अशा पेट्रोलसाठी योग्य आहे का, हे पुस्तिकेत पाहावे किंवा विक्रेत्यास विचारावे. हंगाम संपल्यावर टाकी रिकामी करावी, पेट्रोलची तोटी बंद करून कार्बोरेटरमधील पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालवावे आणि उंदीर वायरी कुरतडणार नाहीत अशा कोरड्या जागी जनित्र झाकून ठेवावे. अधूनमधून गरज पडणारी जनित्रे महिन्यातून एकदा ताजे पेट्रोल घालून, मोकळ्यावर, थोडा भार जोडून पंधरा-वीस मिनिटे चालवून पाहावीत.