बोर्ली पंचतन व परिसरातील बेने इस्रायल कुटुंबांचा वंशशोध : साधने आणि मर्यादा

कोकणातील बेने इस्रायल समाजात आडनाव हेच वंशशोधाचे पहिले साधन मानले जाते. नवगावजवळ फुटलेल्या जहाजातून वाचलेल्या सात जोडप्यांपासून आपली उत्पत्ती झाली, अशी या समाजाची परंपरा आहे. पुढे ही कुटुंबे किनाऱ्यावरील गावोगावी विखुरली, तेलाच्या घाण्यावर स्थिरावली, शनिवारी घाणा बंद ठेवत असल्याने ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखली गेली आणि गावाच्या नावाला ‘कर’ जोडून त्यांनी आडनावे घेतली. किहीमचे किहीमकर, पेणचे पेणकर. तथापि ही खूण वाटते तितकी निःसंदिग्ध नाही. श्रीवर्धन तालुक्यात बोर्ली पंचतन आहे, तशीच मुरूड तालुक्यात बोर्ली मांडला आहे. तेव्हा एखाद्या जुन्या कागदात नुसते ‘बोर्ली’ आढळल्यास अभ्यासकाने घाई करू नये.

बोर्ली पंचतनच्या शेजारी दिवेआगर आहे. दिवेकर म्हटले की ते नाव सहज आठवते; परंतु ‘दिवे’ हे ग्रामनाम कोकणात एकाहून अधिक ठिकाणी आढळत असल्याने येथेही अन्य पुरावा लागतोच. मुंबईत १७९६ साली पहिले सिनेगॉग उभारणारे ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यातील अधिकारी सॅम्युएल इझिकेल दिवेकर हेच सामाजी हसाजी दिवेकर होत. एकाच व्यक्तीची दोन नावे, एक बायबलमधील व दुसरे मराठी वळणाचे! ती एकाच माणसाची आहेत हे ध्यानात न आल्यास वंशवृक्षात एक पिढी नाहक वाढते.

कागदपत्रांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. बोर्ली पंचतनचा परिसर १९४८ पर्यंत जंजिरा संस्थानात होता, तर अलिबाग, पेण हे भाग ब्रिटिशांच्या कुलाबा जिल्ह्यात होते. (या जिल्ह्यास रायगड हे नाव १९८१ साली मिळाले.) साहजिकच एकाच कुटुंबाच्या दोन शाखांचे दप्तर दोन वेगळ्या राजवटींत तयार झाले. केवळ कुलाब्याचे दप्तर पाहून ‘नोंद नाही’ असा निष्कर्ष काढणे म्हणूनच योग्य ठरत नाही.

हा सारा खटाटोप केवळ जिज्ञासेचा नव्हता, हे स्थलांतरानंतर दिसून आले. १९४८ नंतर या समाजातील बहुसंख्य कुटुंबे इस्रायलला गेली व बीरशेबा, दिमोना, अश्दोद, लोद इत्यादी नगरांत वसली. तेथे १९६२ साली प्रमुख रब्बी निस्सिम यांनी काढलेल्या निर्देशानुसार विवाहेच्छू बेने इस्रायल व्यक्तीच्या आईचे, आजीचे व त्यामागील पिढ्यांचे मूळ शक्य तितके मागे जाऊन तपासावयाचे होते. म्हणजे मागणी मातृवंशाची आणि कोकणात जपली गेली ती मात्र पित्याची परंपरा. विवाहानंतर स्त्रीच्या नावापुढे पतीचे नाव व आडनाव येते. केतुबा, म्हणजे विवाहपत्र, पाहावे तर त्यात वधूच्या पित्याचे नाव असते, मातेचे नसते. अशा स्थितीत पणजीचे माहेर सिद्ध करणार कसे? ज्यांच्या पूर्वजांनी शतकानुशतके शनिवार पाळला, त्यांच्याकडे हा पुरावा मागितला जाणे समाजास अपमानास्पद वाटले, यात नवल नाही. आंदोलने झाली. ऑगस्ट १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेत हा विषय चर्चिला गेला व त्यानंतर निर्देशातून या समाजाचा नामोल्लेख वगळण्यात आला.

२०१६ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात या समाजात ज्यू व भारतीय अशा दोन्ही वंशधारा असल्याचे आढळले. परंतु असे संशोधन समाजाविषयी बोलते. अमुक आजी बोर्लीची की म्हसळ्याची, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी मातृवंशातील प्रत्येक पिढीचा केतुबा शोधावा, वधूपित्याच्या नावावरून माहेर निश्चित करावे, दफनभूमीतील मराठी व हिब्रू लेख ताडून पाहावेत आणि हे करण्यापूर्वी घरातील सर्वांत वृद्ध स्त्रीस तिच्या आईचे माहेर विचारून टिपून ठेवावे.