ज्येष्ठ विद्यार्थी-मार्गदर्शन, मानसरोगचिकित्सा शिक्षणातील

शिक्षणक्रमात एकदोन वर्षेच पुढे असलेल्या विद्यार्थ्याने किंवा नवपदवीधर डॉक्टराने कनिष्ठ विद्यार्थ्यास रुग्णालयातील नेमणुकीच्या काळात साहाय्य करण्याची पद्धती. पुढच्याने मागच्यास शिकविण्याची कल्पना जुनी आहे. अँड्र्यू बेल यांनी मद्रासच्या अनाथालयात ती योजली व १७९७ मध्ये तिचा वृत्तांत लंडन येथे प्रसिद्ध केला. इंग्लंडमध्ये ती ‘मद्रास पद्धती’ म्हणून ओळखली गेली. बेल यांच्यापुढे शिक्षकांच्या तुटवड्याचा प्रश्न होता. मानसरोग विभागात तिचे प्रयोजन निराळे आहे.

भारतात २०१९ च्या नियमांनी एम्. बी. बी. एस्. अभ्यासक्रमात या विभागासाठी एकूण ४ आठवडे ठेवले. येथे विद्यार्थ्यास मुख्यतः संभाषणातून निदानाकडे जावयाचे असते. भीती व पूर्वग्रह यांमुळे पुष्कळ विद्यार्थी भिंतीशी उभे राहूनच नेमणूक संपवितात. पुढे त्यांच्याकडे येणारा विषादग्रस्त रुग्ण मग डोकेदुखीची गोळी घेऊन परततो.

श्मिट व माउस्ट यांनी १९९५ मध्ये परिणामकारक मार्गदर्शकाच्या गुणांत विषयज्ञानाबरोबरच विद्यार्थ्याशी असलेल्या सामाजिक व बोधनिक जवळिकीला स्थान दिले. ज्येष्ठ विद्यार्थ्यास ही जवळीक सहजच लाभते : कोठे अडते हे तो अद्याप विसरलेला नसतो. प्राध्यापकास विचारण्याचा संकोच वाटणारे प्रश्न त्याला विचारता येतात.

रुग्णाच्या संमतीने प्रथम ज्येष्ठ विद्यार्थी मुलाखत घेतो, नंतर कनिष्ठ. पेहराव, वाणी, भाववृत्ती, विचार, निर्वस्तुभ्रम, मर्मदृष्टी इत्यादींची नोंद दोघे स्वतंत्रपणे करून ताडून पाहतात. रुग्ण गप्प राहिल्यास आपणही थोडे गप्प राहावे, ही गोष्ट पुस्तकापेक्षा अशा सोबतीत लवकर कळते. सर्वांत अवघड प्रश्न आत्महत्येविषयीचा. तो विचारल्याने रुग्णाच्या मनात तो विचार रुजतो, हा समज निराधार आहे. तरीही शब्द ओठांवर येत नाहीत. ‘जगणे नकोसे वाटते का?’ असे ज्येष्ठाने शांतपणे विचारलेले व रुग्णाने उत्तर दिलेले एकदा पाहिले, की ही अडचण बरीच कमी होते. रुग्णाने होकार दिल्यास मात्र ती माहिती त्याच वेळी विभागातील डॉक्टरांना दिली पाहिजे.

पद्धतीला मर्यादा आहेत. ज्येष्ठाचे अपुरे ज्ञान, तसेच रुग्णांची थट्टा करण्याची सवयही तितक्याच सहजतेने खाली उतरते. म्हणून त्याचे पूर्वप्रशिक्षण व अध्यापकांची देखरेख अनिवार्य ठरते. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ अन्वये रुग्णास गोपनीयतेचा हक्क आहे. वसतिगृहातील चर्चेत रुग्णाची ओळख उघड होता कामा नये. गुणांकन ज्येष्ठाकडे सोपवीत नाहीत, कारण परीक्षकापुढे कोणी आपली भीती बोलून दाखवीत नाही. कनिष्ठाला स्वतःलाच मानसिक त्रास असल्याचे आढळल्यास मार्गदर्शक उपचार करीत नाही, तर त्याला अध्यापकांव्यतिरिक्त अन्य तज्ञाकडे जाण्यास साहाय्य करतो.