ठिपक्यांमधून जाणारी रेषा

पालघर जिल्ह्याच्या किनाऱ्यालगतचा बोईसर-तारापूर हा टापू दोन गोष्टींसाठीं सर्वश्रुत आहे : १९६९ सालीं वीज देऊं लागलेलें अणुवीज केंद्र, आणि रंग, औषधें, कापड व रसायनें यांच्या कारखान्यांची औद्योगिक वसाहत. अशा ठिकाणच्या प्रयोगशाळांत मोजमाप हें नित्याचें काम. आणि मोजलेल्या आंकड्यांचा अर्थ लावण्यासाठीं हल्लीं टेबलावरील संगणकाचें साहाय्य घेतात. आंकड्यांचे ठिपके मांडून त्यांतून योग्य रेषा काढणारीं ‘ओरिजिन’, १९८६ सालचें ‘ग्नूप्लॉट’ यांसारखीं सॉफ्टवेअरें त्यासाठीं उपलब्ध आहेत. तीं काय करतात, आणि काय करूं शकत नाहींत, हें समजून घेण्यासारखें आहे.

सांडपाण्यांतील विषारी क्रोमियमचें उदाहरण पाहावें. पाण्यांत डायफेनिलकार्बाझाइड हें द्रव्य घातलें असतां क्रोमियमच्या प्रमाणांत जांभळी छटा येते. त्या छटेनें किती प्रकाश शोषला हें उपकरण सांगतें. परंतु शोषणाचा आंकडा म्हणजे क्रोमियमचा आंकडा नव्हे. म्हणून ज्यांतील क्रोमियम ठाऊक आहे अशीं पांच द्रावणें प्रथम तयार करावीं लागतात. समजा, लिटरमागें ०·२ मिलिग्रॅमला ०·१५, ०·४ ला ०·३०, याप्रमाणें १ मिलिग्रॅमला ०·७५ असें शोषण आढळलें. हे ठिपके एका सरळ रेषेवर येतात, आणि त्या रेषेवरून अज्ञात नमुन्यांतील क्रोमियम काढतां येतें.

प्रत्यक्षांत ठिपके इतके शिस्तीनें वागत नाहींत. कोणी किंचित् वर, कोणी किंचित् खालीं राहतो. मग रेषा कोणती ओढावी? पूर्वी पट्टी ठेवून डोळ्यांच्या अंदाजानें ती ओढीत. फ्रेंच गणितज्ञ लजांद्र यांनीं १८०५ सालीं एक नियम प्रसिद्ध केला. प्रत्येक ठिपका रेषेपासून किती वर वा खालीं आहे तें मोजावें, त्या अंतरांचे वर्ग करावे, आणि वर्गांची बेरीज जिच्यामुळें सर्वांत लहान होईल ती रेषा पत्करावी. सॉफ्टवेअर हेंच करतें. वक्र रेषांसाठीं तें प्रथम एक अदमास घेऊन तो पायरीपायरीनें सुधारीत नेतें. ही रीत लेव्हेनबर्ग यांनीं १९४४ सालीं व मार्क्वार्ट यांनीं १९६३ सालीं मांडली.

आतां समजा, एका नमुन्यांत लिटरमागें ४ मिलिग्रॅम क्रोमियम आहे. रेषेप्रमाणें शोषण ३·०० यावयास हवें. परंतु उपकरणांत अर्धा टक्का जरी भटका प्रकाश शिरला, तरी वाचन २·२२ च्या पुढें जात नाहीं. संगणक तो आंकडा विनातक्रार रेषेवर बसवून ‘सुमारें ३’ असें उत्तर देतो. पाणी आहे त्याहून शुद्ध भासतें. शुद्धीकरणाच्या औषधाची मात्रा याच उत्तरावर ठरविली, तर चतुर्थांश विष तसेंच राहून मच्छीमारांच्या समुद्राकडे जाईल.

यावर कोणी म्हणेल, ४ मिलिग्रॅमपर्यंतचीं द्रावणें मोजून सर्वांतून एकच रेषा काढावी. तसें केल्यास शून्यापासून ४ पर्यंत शोषणें ०, ०·७४, १·४४, १·९८ व २·२२ अशीं येतील, आणि सॉफ्टवेअर जुळणीचा गुणांक ०·९७ दाखवील. पूर्ण जुळणी म्हणजे १. तेव्हां हा आंकडा समाधान देणारा वाटेल. पण प्रत्येक ठिपक्याची रेषेपासूनची वजाबाकी निराळी मांडून पाहिली, म्हणजे दोन्ही टोकांचे ठिपके खालीं व मधले तिन्ही वर दिसतात. मोजण्यांतील किरकोळ चुका अशा रांगेनें उभ्या राहत नाहींत. ठिपक्यांची वाट वांकडी आहे आणि तिच्यावर सरळ रेषा लादली आहे, असा त्याचा अर्थ.

उपाय अगदीं साधा आहे. नमुना दहापट पातळ करावा. शोषण ०·३० येईल, रेषा ०·४ सांगेल, आणि त्यास दहानें गुणिलें कीं खरे ४ मिलिग्रॅम हातीं येतील. हा उपाय संगणक आपण होऊन सुचवीत नाहीं. ज्ञात ठिपक्यांच्या पलीकडे रेषा ताणूं नये, आणि गुणांकाबरोबर वजाबाक्याही पाहाव्या, हें भान प्रयोगशाळेंतील माणसानेंच राखावयाचें असतें.