हायलंड वेषातील फूल : खूण आणि शोभा

स्कॉटलंडमधील विवाहसमारंभात वराच्या अंगी किल्ट, आखूड काळा कोट, कंबरेपुढे लोंबणारी स्पोरन नामक चामड्याची पिशवी आणि कोटाच्या डाव्या कॉलरपट्टीवर ताज्या फुलांचा लहानसा तुरा, असा थाट सामान्यतः आढळतो. पाहणारास हा सर्व वेष एकाच परंपरेतील वाटतो. वस्तुतः त्या तुऱ्यात दोन भिन्न प्रथा एकवटल्या आहेत, आणि त्यांतील भेद त्यांच्या नावांतच नमूद झालेला आहे.

हायलंडमधील कुळांची वनस्पतिचिन्हे प्रसिद्ध आहेत. मॅक्डॉनल्डांचे हेदर, ग्रँटांचा पाइन, गॉर्डनांची आयव्ही, मॅकेंझींची हॉली, फ्रेझरांचा यू. या चिन्हांची डहाळी टोपीवर, बिल्ल्यामागे खोवावयाची असते. यांत हेदर सोडल्यास फूल असे नाहीच, सारी पानेच. गेलिक भाषेत अशा चिन्हास 'सुअइख्यंतस' म्हणतात. या शब्दातील आरंभीचा 'सु' हा संस्कृत 'सु'चा सगोत्र असून पुढील अंशात 'ज्ञा' धातूचाच भाईबंद दडलेला आहे. म्हणजे जे सहज ओळखू येते ते, 'सुज्ञेय'. डहाळी मिरवावयाची नसून ओळख पटवावयाची होती, हे शब्दच सांगतो. अर्थात या चिन्हांच्या रूढ याद्या बव्हंशी एकोणिसाव्या शतकातील आहेत, आणि ग्रँट व मॅक्ग्रेगर या दोन्ही कुळांस पाइनच लाभला आहे. तेव्हा केवळ डहाळीवरून आप्तपर ओळखले जात असतील, हे संशयास्पदच होय.

कॉलरपट्टीवरील फुलाची कथा निराळी. इंग्रजीत त्यास 'बटनहोल' म्हणतात, म्हणजे आपल्या शिंप्याचे 'काज'. आधाराचे नाव आधेयास मिळाले, ही लक्षणाच. फ्रेंच 'बूतॉनिएर' हा शब्दही काजाचाच. मात्र त्यातील 'बूताँ' बटणाप्रमाणे कळीचाही वाचक आहे, हा योगायोग मोठा गमतीचा. काज आले ते नागरी कोटाबरोबर. 1746 च्या कायद्याने हायलंड वेषावर घातलेली बंदी 1782 मध्ये उठली. 1822 मध्ये चौथा जॉर्ज एडिंबरोस आला तेव्हा वॉल्टर स्कॉटने योजिलेल्या समारंभांत या वेषास दरबारी प्रतिष्ठा लाभली. पुढे सायंकालीन पोशाखाने नागरी कोटाची कॉलरपट्टी स्वीकारली. घरात टोपी उतरवावयाची, त्यामुळे डहाळीची जागा गेली. फुलाला छातीवर जागा मिळाली.

ही जागाही निर्वेध नाही. गळ्याशी लेसची झालर असलेल्या बंद डब्लेटास कॉलरपट्टीच नसते. खांद्यावरून प्लेड सोडल्यास तिचे पदक डाव्या खांद्यावरच येते आणि फुलाशी त्याची अडचण होते. रेशमी पट्टीवर काज नसल्यास टाचणी लावावी लागते, व तिची भोके कायम राहतात. अशा वेषात फूल न लावणेच बरे.

तथापि दोन्ही प्रथा आता मिसळल्या आहेत. पांढरे हेदर शुभ मानण्याचा उल्लेख व्हिक्टोरिया राणीच्या 1855 च्या रोजनिशीत आहे : बाल्मोरल येथे प्रशियाच्या राजपुत्राने ते खुडून तिच्या ज्येष्ठ कन्येस दिले. आज ते थिसलसह तुऱ्यात बांधतात. पुष्कळदा फुलारी थिसल म्हणून निळसर एरिंजियमच देतो, ते वस्तुतः गाजराच्या कुलातील. मॅक्डॉनल्ड वराच्या छातीवरील हेदर एकाच वेळी कुलचिन्ह, शुभशकुन व अलंकार असू शकते. शेजारी उभ्या मित्राच्या छातीवरील त्याच हेदराला यांपैकी पहिला अर्थ नसतो.