दारापासून दारापर्यंत

शहाद्याहून निघालेली आमची जीप सातपायरीचा घाट चढून तोरणमाळला पोहोचली. समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून अधिक उंची, पण पायांना त्याची दादच नव्हती. ती लागली दुसऱ्या दिवशी सकाळी. यशवंत तलावाच्या वरच्या अंगाला चढू लागलो आणि पहिल्याच चढाला मला धाप लागली. शेजारून सरपणाची मोळी डोक्यावर घेतलेल्या एक आजी न थांबता वर गेल्या. भाचा म्हणाला, "मामा, बसा जरा." वय माझे अठ्ठेचाळीस, नोकरी पुण्यात.

बसल्या बसल्या हिशेब केला. घरातून लिफ्टने खाली, तिथेच स्कूटर, ती थेट कचेरीच्या दारात. नोकरीला लागलो तेव्हा सायकल होती. पुणे सायकलींचे शहर म्हणवत असे, तेव्हाची गोष्ट. पुढे काही वर्षे बस. थांब्यापर्यंत चालायचे, गर्दीत उभे राहायचे. त्याला कोणी व्यायाम म्हणत नव्हते. स्कूटर आली, वेळ वाचला. त्या वाचलेल्या वेळात मी काय केले, तर बसून वर्तमानपत्र वाचले!

लंडनच्या जेरी मॉरिस या डॉक्टरांनी १९५३ साली बसवरच्या माणसांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बस तीच, पण दिवसभर बसून असणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा दुमजली बसचे जिने चढणाऱ्या-उतरणाऱ्या कंडक्टरांत हृदयविकार कमी आढळला. आपल्याकडे महाराष्ट्रासह चार प्रदेशांतल्या चौदा हजारांवर लोकांची पाहणी २०१४ साली प्रसिद्ध झाली. त्यात ५४.४ टक्के लोक पुरेशी हालचाल न करणारे निघाले, शहरांत त्यांचे प्रमाण आणखी जास्त. हौसेने व्यायाम-खेळ करणारे दहा टक्केसुद्धा नव्हते. म्हणजे आपली हालचाल व्हायची ती कामात आणि येण्याजाण्यात. येणेजाणे गाडीने उचलले की उरते काय? जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान दीडशे मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल सांगते. दिवसाला वीस-बावीस मिनिटे. थांब्यापर्यंत झपझप जाण्यायेण्यात एवढी सहज भरतात.

मात्र त्या आजींचे चालणे पाहून शहरी माणसाने गहिवरू नये. ती मोळी म्हणजे व्यायाम नव्हे, कष्ट आहेत. सातपुड्यातल्या पाड्यांवरून आजाऱ्याला बांबूच्या झोळीत घालून डोंगर उतरवावा लागतो. तिथे रस्ता आणि गाडी हवीच. आणि शहरात तरी "चाला" म्हणणे सोपे आहे. पदपथावर टपरी, टपरीपुढे मोटारसायकली, त्यांच्यामधून वाट काढत माणूस.

परतल्यापासून आठवड्यातून तीन दिवस मी बसने जातो. थांबा घरापासून बारा मिनिटांवर. त्यातली चार मिनिटे चौक ओलांडायला संधी मिळण्याची वाट पाहण्यात जातात. ती व्यायामात धरावीत की नाही, यावर आमच्या घरात मतभेद आहेत.