लेथचा टेलस्टॉक घट्ट कसा करावा?

आगरदांडा हे मुरूड तालुक्यातले राजपुरी खाडीच्या काठचे गाव. खाडीपलीकडे दिघी. इथल्या खाऱ्या हवेत लोखंड लवकर गंजते. म्हणून अशा गावातल्या सुताराला यंत्राची निगा जास्तच राखावी लागते.

काही सुतार बहुकामी यंत्र घेतात. त्यावर करवत चालते, रंधा चालतो, भोक पाडता येते. लाकूड कातायचा लेथही त्यालाच जोडता येतो. सोय मोठी आहे. पण असे यंत्र बहुधा वजनाला हलके असते. मग त्याचा लेथ डुगडुगतो. त्यातही टेलस्टॉक जास्त डुगडुगतो.

टेलस्टॉक म्हणजे काय? लेथवर लाकूड दोन्ही टोकांना धरतात. ज्या टोकाकडून मोटर लाकूड फिरवते, तो हेडस्टॉक. दुसऱ्या टोकाला टेकू देतो, तो टेलस्टॉक. त्याच्या दांड्याला पुढे अणकुचीदार सेंटर असते. लाटणे आखूड, पाळण्याचा खांब लांब. म्हणून टेलस्टॉक बेडवर मागेपुढे सरकवतात आणि हव्या जागी आवळतात. त्याने सरकायलाही हवे आणि आवळल्यावर हलताही कामा नये.

तो हलला तर काय होते? लाकडावर लाटा उठतात. हत्यार अडकते. लाकूड मिनिटाला 1000 फेरे घेत असेल, तर एका सेकंदात 16 हून जास्त फेरे होतात. असे लाकूड सुटले, की थेट तोंडावर येते!

खुंटा हलवून बळकट करावा, असे आपण म्हणतो. इथेही तसेच करू. आधी मोटर बंद करा. वायरही काढून ठेवा. टेलस्टॉक आवळा. सेंटर हातात धरून वरखाली आणि आडवे हलवा. दुसऱ्या हाताचे बोट एकेका सांध्यावर ठेवा. कुठे हालते, ते बोटाला कळते.

बूड हालत असेल, तर बूड आणि बेड यांवरचा गंज व भुसा साफ करा. बुडाच्या चारही कोपऱ्यांखाली कागदाचा एकेक तुकडा घाला आणि आवळा. मग तुकडे ओढून पाहा. जो सहज निघतो, तिथे बूड टेकलेले नाही. बुडाचा उंच भाग कानशीने थोडा थोडा घासा. बेड मात्र घासू नका. बेडखालची पट्टी पातळ असेल, तर ती आवळताना वाकते. तिथे जाड, रुंद लोखंडी पट्टी आणि जाड वायसर घाला.

दांडा हालत असेल, तर तो आत घ्या. कामापुरताच बाहेर ठेवा. दांडा दुप्पट बाहेर काढला, तर तेवढ्याच जोराला तो आठपट वाकतो! जागेवर आणल्यावर दांड्याचा स्क्रू आवळायला विसरू नका.

सगळा बेडच हालत असेल, तर यंत्र जड, भक्कम बाकाला नटबोल्टांनी बसवा. बाकाच्या खालच्या फळीवर वाळूची पोती ठेवा. टेलस्टॉककडच्या टोकाखाली लाकडी ठोकळ्याचा टेकू द्या.

आता दोन्ही बाजूंची सेंटर जवळ आणा. अणीला अणी भिडली पाहिजे. टेलस्टॉक खाली असेल, तर बुडाखाली सगळीकडे सारख्या जाडीचा पत्रा घाला.

सगळे घट्ट झाले, म्हणून लाकूड करकचून दाबू नका. बारीक लाटणे दाबाने वाकते. न फिरणाऱ्या सेंटरवर तर लाकूड घासून जळते. बेअरिंगचे फिरते सेंटर मिळाले, तर तेच लावा.

वायर जोडण्याआधी लाकूड हाताने एक फेरा फिरवून पाहा. डोळ्यांना चष्मा लावा. मोटर सुरू करताना लाकडाच्या समोर उभे राहू नका, बाजूला राहा. थोडे काम झाल्यावर मोटर थांबवा आणि टेलस्टॉक पुन्हा तपासा. काम संपल्यावर भुसा झाडा आणि बेडवर तेलाचा फडका फिरवा. पावसाळ्यात तर एकही दिवस चुकवू नका.